शंभर दिवसांच्या गोळ्या

निलंग्यात आमच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो की तेरावं, पंगतीचा स्वयंपाक भुजंगमामांचाच. कढईपुढे मामा आणि मागे पुऱ्या लाटायला त्यांची बायको, सिंधुमामी. तीस वर्षं दोघं वाकूनच होते म्हणा ना. मामांचा एक हट्ट जगजाहीर होता, त्यांना पंक्तिप्रपंच खपत नसे. आमदाराच्या पानात दोन जिलब्या, तर मांडव घालणाऱ्याच्या पानातही दोन. एकदा माझ्या काकांनी स्वतःच्या जावयाला जास्त तूप वाढलं, तर मामांनी भरल्या मांडवात त्यांच्या हातातून तुपाचं भांडं काढून घेतलं. काका आठ दिवस फुगून बसले होते.

चार वर्षांपूर्वी मामांच्या कंबरेने दगा दिला. सकाळी अंथरुणातून उठायलाच अर्धा तास लागायचा. तेल, शेक, पट्टा, उदगीरचा हाडवैद्य, सगळं झालं. मी शाळेत शिक्षक, म्हणून गल्लीतल्या फायली वाचायचं काम आपसूक माझ्या गळ्यात. शेवटी यंदा मीच त्यांना लातूरला नेलं. एमआरआयमध्ये खालच्या दोन मणक्यांमधली चकती झिजलेली निघाली, आणि लगतच्या हाडात सूज.

"तिथे जंतू शिरून हळूहळू त्रास देतात, असं काही डॉक्टर मानतात," तिथले डॉक्टर म्हणाले. "त्यासाठी शंभर दिवस अँटिबायोटिक देतात. एका अभ्यासात गुण दिसला, नंतरच्यात फारसा नाही. मी खात्री देत नाही. करायचं तर एकदाच. दिवसाला तीन गोळ्या, आणि एकही चुकवायची नाही."

खात्री नाही, हे मी ऐकलं. मामांनी फक्त शंभर दिवस ऐकले. वैशाखातल्या लग्नांना पुन्हा कढईपुढे जायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"कढई हलवली तर मी आचारी, न्हाई तर घरात वझं," ते येताना म्हणाले.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते रोज फुली मारायचे. मी जाता-येता विचारायचो, "मामा, गोळ्या?"

"चालू हायत सर. एकबी वाया गेली न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते, हेच दुर्दैव. मधे रक्त तपासलं, तेही ठीक निघालं.

शंभर दिवस संपले आणि दुखणं जिथल्या तिथे. आम्ही पुन्हा लातूरला गेलो, या वेळी मामीही सोबत आल्या. त्या बऱ्याच वाळल्या होत्या. गोळ्या नियमित घेतल्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. मामांनी अभिमानाने मान हलवली.

"सकाळची मी, दुपारची हिनं. रात्रीची एक दिवस मी, एक दिवस हिनं. हिचीबी कंबर तशीच दुखती साहेब. एका घरात एकानं खायचं आन् एकानं बघत बसायचं, मला जमत न्हाई."

मला मामांचा असा संताप आला, की तिथेच ओरडावंसं वाटलं.

"तुमचं पोट बिघडलं होतं का?" डॉक्टरांनी मामींना विचारलं.

"महिनाभर जुलाब व्हते. म्हणलं, औषध काम करतंय."

डॉक्टरांनी त्यांच्यासाठी तपासण्या लिहून दिल्या. मग मामांकडे वळून म्हणाले, "औषध लागू पडलं नाही, की पुरेसं पोटात गेलंच नाही, हे आता मला सांगता येणार नाही. पुन्हा मी देणार नाही. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, निबर होतात."

परतीच्या एसटीत जागा होती, पण मामांना बसवेना. ते दांडी धरून उभे राहिले, म्हणून मामीही उभ्या राहिल्या. औसा गेल्यावर मामांनी हळूच विचारलं,

"सर, सगळ्या मीच खाल्ल्या असत्या, तर कढईपुढं गेलो असतो का?"

"सांगता येत नाही, मामा."

"आन् हिच्या कंबरेचं काय?"

चार वर्षं मी मामांची फाइल काखेत घेऊन हिंडत होतो, आणि मामींची कंबर कुणाला तरी दाखवावी, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. ज्याच्या मनात आलं, त्याच्याजवळ तिला द्यायला स्वतःच्या गोळ्यांशिवाय काही नव्हतं.