नानांची एजन्सी आणि रुसणारे लॅपटॉप

रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत, सुटे स्क्रू आणि किस्से. मशीन कितीही काळजीने जोडा, एखादा स्क्रू टेबलावर उरतोच! किश्श्यांचंही तसंच. आम्ही दुकानातली जुनी मंडळी हिवाळ्यात भरीत पार्टीला जमलो की वांगी भाजून होईपर्यंत सगळे किस्से सांगून टाकतो आणि घरी जाताना आठवतं, अरे, तो राहिलाच की!

नव्वदीची शेवटची वर्षं. जळगावात नानांचं दुकान. नानांनी आयुष्यभर टाइपरायटर विकले आणि उतारवयात ते सगळं मोडून लॅपटॉपची एजन्सी घेतली. हाताखाली मी आणि धुळ्याचा सुरेश, दोघं इंजिनिअर. म्हणजे कार्डावर इंजिनिअर!

मॉडेल दिसायला देखणं, फक्त खोड एकच. बटण दाबलं की कंपनीचं चित्र यायचं, हार्ड डिस्क कुरकुरायची आणि ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहता राहता कोसळायची. निळा पडदा, त्यावर पांढरं इंग्रजी, खेळ खल्लास! बंद-चालू, बंद-चालू करत राहिलं की लॅपटॉप कधीतरी मनावर घ्यायचा आणि एकदा सुरू झाला की मग दिवसभर तक्रार नाही. सुरेशनं त्याचं नाव ठेवलं 'नवरदेव'. मांडवाच्या दारापर्यंत येतो आणि तिथे रुसून बसतो!

कंपनीचे साहेब मुंबईहून फोनवर दम द्यायचे, "तक्रारी थांबल्या नाहीत तर एजन्सी काढून घेऊ." मशीन त्यांचं आणि दोष आमचा! नाना फोन ठेवून म्हणायचे, "पोरांनो, या वयात मला परत टाइपरायटरच्या रिबिनी विकायला लावू नका रे." आम्हाला फार वाईट वाटायचं. माणूस देवासारखा होता.

*

सुरुवातीला आम्ही सगळा दोष विजेवर ढकलायचो. "तुमच्याकडची वीज खराब आहे" म्हटलं की गिऱ्हाईक गप्प बसायचं.

एकदा दीपनगरच्या कॉलनीतून तक्रार आली. सुरेश गेला, निळा पडदा बघितला आणि सवयीने म्हणाला, "साहेब, तुमच्याकडची वीज खराब आहे."

ते साहेब वीज केंद्रातच इंजिनिअर. त्यांनी सुरेशला खिडकीपाशी नेलं, समोरच्या धुराड्यांकडे बोट दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "ती तिथे तयार होते. याच्यापेक्षा ताजी कुठून आणू?"

*

मग आम्ही वीज सोडली आणि ऊन धरलं. जळगावचा मे महिना, कोण नाही म्हणणार?

रावेरकडचे एक केळीवाले आबा होते. त्यांना मी सांगितलं, "आबा, मशीन तापतंय. जरा गार जागी ठेवत जा." चार दिवसांनी आबा हजर! लॅपटॉप ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, वरून केळीचं पान.

"आबा, हे काय केलं?"

"तुमीच सांगलं ना, गार ठेवा म्हनून! रांजनाजोळ ठेवला, रोज पानी मारलं. आता अजून किती गार करू?"

आम्ही मशीन उलटं केलं, तर फ्लॉपीच्या फटीतून एक इवलीशी बेडकी बाहेर आली आणि काउंटरवर बसली. नानांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. म्हणाले, "सुरेश, ही वॉरंटीत बसत नाही."

गंमत म्हणजे दोन दिवस गच्चीवर वाळवल्यावर तोच लॅपटॉप पहिल्या झटक्यात सुरू झाला! याचं उत्तर आमच्या इंजिनिअरिंगकडे आजही नाही.

*

नानांचा टाइपरायटरचा हात काही सुटला नव्हता. ओळ संपली की टाइपरायटरचा दांडा ढकलावा तशी ते सवयीने पडद्याच्या डाव्या कडेला चापट मारायचे. कधी कधी रुसलेला नवरदेव त्या चापटीने खरंच सुरू व्हायचा.

एका गिऱ्हाइकासमोर असंच झालं. तो माणूस एका हायस्कूलचा शिक्षक. आधी मशीन घ्यायला बिचकत होता, म्हणत होता, "या वयात मला कॉम्प्युटर कसा जमेल?" नानांनी फाडकन चापट मारली, मशीन चालू झालं. गुरुजींचा चेहरा खुलला.

"हे मात्र मला जमेल!"

*

डाळ मिलच्या शेठजींचा फोन आला. मशीन निळं पडलंय. सुरेश म्हणाला, "शेठजी, सगळं बंद करा, जरा थांबा आणि परत चालू करा." याहून मोठा सल्ला आमच्याजवळ नव्हता.

थोड्या वेळाने पुन्हा फोन. या वेळी मागे मिलचा आवाज अजिबात नव्हता.

"केलं बंद. मेन स्विचच पाडला. मिल बंद, पंखे बंद, हमाल चहाला गेले," शेठजी म्हणाले. "पण हे तुमचं निळं बॅटरीवर अजून चालूच आहे!"

*

आणि मग ते धुळं.

कंपनीच्या साहेबांचा निरोप आला. धुळ्याच्या एका पतसंस्थेत डेमो आहे, मी स्वतः येतोय, तिथे मशीन कोसळलं तर एजन्सी तिथल्या तिथे काढून घेईन. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

सुरेशनं डोकं लढवलं. "नाना, तो सुरू होतानाच कोसळतो ना? मग चालू करूनच नेऊ!"

सकाळी जळगावात खटाटोप करून नवरदेव उठवला आणि जीप निघाली. लॅपटॉप नानांच्या मांडीवर. हात लावला नाही तर तो झोपायचा, म्हणून नाना सारखी एक कळ दाबत होते. बॅटरी जेमतेम तासाची. एरंडोलला एका सलूनमध्ये चार्ज केला. पारोळ्याला वीज गेलेली! रस्त्यालगत एका लग्नाच्या मांडवात जनरेटर धडधडत होता. सुरेशनं धावत जाऊन तिथे वायर लावली.

"व्हिडिओवाला उनात रे!" कोणीतरी ओरडलं. व्हिडिओवाले आले असं समजून आम्हाला थेट स्टेजजवळ खुर्च्या मिळाल्या. नानांनी एका हाताने अक्षता टाकल्या, दुसऱ्या हाताने ते कळ दाबत राहिले!

धुळ्याला पोहोचलो तेव्हा मशीन जिवंत होतं. हॉल गच्च भरलेला, स्टेजवर साहेब. नानांच्या गळ्यात हार पडला, पण बोट कळेवरच. पतसंस्थेचे चेअरमन, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, उद्घाटनाला पुढे आले आणि पडदा बघून थबकले.

"हाई तं चालूच शे! चालू मशीननं काय उद्घाटन करू? बंद करा. बटन मी दाबसू."

नाना कळवळून म्हणाले, "अण्णा, चालू आहे तेच शुभ आहे."

"फोडेल नारळ परत कोनी फोडस का? बंद करा!"

साहेब कौतुकाने हसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मशीन बंद केलं. नानांनी डोळे मिटून घेतले.

अण्णांनी बटण दाबलं. चित्र आलं. हार्ड डिस्क कुरकुरली. आणि पडदाभर निळं, त्यावर पांढरं इंग्रजी!

साहेबांचा चेहरा उतरला. अण्णांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत सगळं नीट पाहिलं आणि लोकांकडे वळले.

"बठ्ठा, पुरा हिशोब एक मिनिटमा! आम्हना मॅनेजरले महिना लागस!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. अण्णांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. "नाना, बठ्ठ्या शाखास्ले एकेक द्या. पन अस्संच दिसाले पाहिजे. दुसरं काही दिसनं, तं मशीन परत!"

साहेब घाम पुसत नानांच्या कानाशी आले. "नाना, आता काय करायचं?"

नानांनी गळ्यातला हार नीट केला.

"ऐकलंत ना साहेब? चुकूनसुद्धा दुरुस्त करून पाठवू नका!"