पत्त्यावर न सापडलेल्या कारेनबाई

कारेनबाई माझ्या टेबलासमोर बसून बशीतून चहा पीत होत्या, आणि माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं की त्या नाहीत.

"सदर विदेशी महिला नमूद पत्त्यावर मिळून आली नाही. अशी कोणी महिला गावात कधी आलेलीच नाही, असे ग्रामस्थ सांगतात." खाली सही आणि शिक्का.

मी कागदाकडे बघितलं, मग बाईंकडे. खिडकीतून शाहूपुरीतलं दुपारचं ऊन त्यांच्या पिवळ्या केसांवर पडलं होतं. खाली रस्त्यानं गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, भरलेली गाडी चालली होती आणि खोलीत तो गोड वास भरून राहिला होता. क्षणभर मला वाटलं, कागदच बरोबर असेल. बाई नसतीलच. नुसता त्यांचा फुर्र फुर्र चहा पिण्याचा आवाज मागे राहिला असेल.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही, असं लिहिलंय."

"मी हाय की," त्या म्हणाल्या आणि उरलेला चहा बशीत ओतला.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका दूध संस्थेत कारकून आहे. परदेशातून येणाऱ्या तज्ज्ञांचे कागद माझ्याकडे असतात. जिल्ह्याबाहेर मी स्वतः फारशी गेलेली नाही, पण टाइपरायटरवर कितीतरी शहरांची नावं उमटवली आहेत. कोपनहेगन टाइप करताना तर बोटं आपोआप सावकाश होतात.

कारेनबाई डेन्मार्कच्या. रेडकं जगवण्याचं काम शिकवायला आल्या होत्या. आमच्याकडं म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस होतो आणि रेडकाला उरलंसुरलं मिळतं. बाईंचं म्हणणं, पहिला चीक रेडकाचा. सुरुवातीला बायकांनी नाकं मुरडली. मग रेडकं जगायला लागली. नेसरीच्या पुढं दोन कोसांवर एक वाडी आहे, तिथं त्या गंगाक्काच्या माडीवर राहत. मराठी तिथंच शिकल्या, म्हणून 'हाय' आणि 'न्हाय' म्हणत.

आता परवान्याची भानगड सांगते. परदेशी माणूस इथं बरेच दिवस राहणार असला की पोलिसांकडं नोंद करावी लागते. मग त्याला रेसिडेन्शियल परमिट मिळतं, म्हणजे राहण्याचा परवाना. त्याआधी एक हवालदार दिलेल्या पत्त्यावर जाऊन खात्री करतो. तोवर अर्ज 'पेंडिंग'. पेंडिंग माणसाला देश सोडून जायला कोणी अडवत नाही. अडचण परत येण्याची. त्यासाठी जाण्याआधीच पासपोर्टवर 'रिटर्न'चा शेरा लागतो आणि तो परवाना असला तर मिळतो. परवाना नसेल तर घरी कुणीतरी मरणपंथाला लागलेलं असावं लागतं. थोडक्यात, दार बाहेरच्या बाजूलाच उघडतं. शेरा न घेता गेलात तर नवा व्हिसा, नवा अर्ज, पाच-सहा महिने. तेवढ्यात वाडीतलं काम मोडलं असतं.

आणि बाईंना जायचं होतं. वडिलांचं पत्र आलं होतं. त्यांचे गुडघे गेले होते, धारा काढवत नव्हत्या, मागं करणारं कोणी नव्हतं. एकोणीस गाई होत्या. अकरा दिवसांनी सगळ्या विकायच्या होत्या.

"त्या दिवशी मी तितं पायजे," बाई म्हणाल्या. "बाबा एकटा हाय."

मग त्या खिडकीबाहेर बघत बोलत राहिल्या, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. त्यांच्याकडं हिवाळाभर गाई आत बांधलेल्या असतात. वसंतात एक दिवस दार उघडतात. समोर ओलं हिरवं रान, पलीकडं समुद्र. गाई आधी दारात थबकतात आणि मग नाचत सुटतात, म्हाताऱ्या गाईसुद्धा. मी टाइपरायटरवर हात ठेवून ऐकत होते. पंख्याच्या वाऱ्यानं फायलीतले कागद उठत होते आणि पडत होते. मला वाटत होतं, कुठंतरी जवळच, गुजरीच्या पेठेमागं वगैरे, समुद्र आहे.

मॅनेजर देसाईसाहेबांनी मला जागं केलं.

"सोपं आहे जाधवबाई. हवालदार गावात गेलाच नाही, घरी बसून रिपोर्ट लिहिला, अशी तक्रार टाइप करा. ते घाबरून परवाना देतील."

"पण तो गेला असेल तर?"

"तुम्हाला काय माहीत तो गेला होता का?"

"तुम्हाला काय माहीत तो गेला नव्हता?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या वडिलांनी ती पत्रकं छापली आणि तुम्ही ती पाठ केलीत, असं दिसतंय."

हे खरं होतं. वडिलांच्या छपाईच्या ट्रेडल मशीनवर कामगारांची पत्रकं निघायची. मी अक्षरओळख त्यांच्या प्रुफांवरून केली. 'अन्याय' हा शब्द मला 'अननस'च्या आधी वाचता येत होता. ज्याला तोंड नाही त्याच्यावर खापर फोडायचं, एवढं एकच व्यवस्थापन साहेबांना येत होतं. एका हवालदाराच्या नोकरीवर उठून आम्ही बाईंचा परवाना आणणार होतो. मी म्हटलं, टाइप करणार नाही. साहेब म्हणाले, मग निस्तरा.

दुसऱ्या दिवशी मी गडहिंग्लजची एसटी धरली. गाडी रिकामी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते, वाऱ्यानं सगळा माळ चंदेरी होऊन हलत होता. मला डुलकी लागली की नाही, सांगता येणार नाही. गुऱ्हाळाचा धूर जमिनीला धरून पसरला होता आणि त्यातून गाई चालत आल्यासारख्या वाटत होत्या. जवळ आल्यावर ती गाडीवान मंडळी निघाली.

वाडीत पोचले तेव्हा गंगाक्का गोठ्यात होती. साठीची, उंच, कासोटा मारलेली. मी विचारलं, हवालदार आला होता का?

"व्हय, आलता की. मोट्या मिशांचा. पाणी मागिटलं, दिलं. मग म्हणला, हितं कोण गोरी बाई ऱ्हाती का? म्हटलं, न्हाय बा."

"का?"

"का म्हंजे? खाकी घालून बाईमाणसाची चौकशी कोण चांगल्यापायी करतंय?"

शेजारच्या कट्ट्यावर बसलेले तात्या मान हलवत म्हणाले, "मला बी इचारलं. मी म्हटलं, गोरं म्हणशील तर गावात म्हस बी न्हाय."

"आन् तिचा झगा वाळत हुता दोरीवर," गंगाक्का म्हणाली. "त्यो म्हणतोय, ह्यो कुणाचा? म्हटलं, माझा."

मी तिच्या नऊवारीकडं बघितलं. हसू आलं आणि मागोमाग राग आला. राग कुणाचा करावा ते कळेना. आख्खं गाव एका पाहुणीसाठी खोटं बोललं होतं आणि त्या खोट्यानंच तिला कागदावरून पुसून टाकलं होतं. हवालदारानं ऐकलं तेच प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मी सगळं सांगितलं. परवाना, शेरा, बाहेरच उघडणारं दार. ते त्यांना फारसं पटलं नाही. मग गाईंचं सांगितलं. तेव्हा तात्यांनी तंबाखू मळायचं थांबवलं.

"किती गाई?" गंगाक्कानं विचारलं.

"एकोणीस."

"म्हातारा एकटा?"

"एकटा."

तिनं हात धुतले, पदराला पुसले. "चल. खोटं मी बोललो, मीच सांगतो."

"लिहून घेतील, अक्का. खोटं सांगितलं म्हणून बोलतील. कदाचित बोलण्यापेक्षा जास्तही करतील."

"करू देत. बापाचा गोठा मोकळा होतोय आन् लेक हितं आमची रेडकं राखत बसली, हे बरं दिसतंय व्हय?"

आता माझी चूक सांगते. अक्काला घेऊन परतले आणि सकाळी बाईंचा प्रवासाचा अर्ज टाइप करायला बसले. 'प्रवासाचे तातडीचे कारण' या रकान्यात मी क्षणभर थांबले. गाई विकायच्या आहेत, हे कोण मान्य करणार? मी टाइप केलं: वडील अत्यवस्थ. साहेबांचं खोटं मी फेकून दिलं होतं, पण माझं खोटं मला चांगल्या कामाचं वाटलं. त्यानं कुणाचं वाईट होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. बाईंनी न वाचताच सही केली, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

पोलीस कार्यालयातल्या नोंदणीच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. फौजदारसाहेब तरुण होते. मिशाळ हवालदारालाही बोलावून घेतलं होतं. गंगाक्कानं उभं राहूनच सांगितलं.

"ह्यांनी पाणी मागिटलं ते मी दिलं. माणूस मातूर दिलं न्हाय. चूक माझी हाय."

"म्हंजे त्यो झगा..." हवालदार म्हणाला.

"माझा न्हवं."

हवालदारानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. फौजदारांनी जबाब लिहून घेतला, अक्काला चांगलं दहा मिनिटं सुनावलं, तिनं ते मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी बाईंचा अर्ज उचलला, वाचला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"काय झालं माझ्या बाबाला?"

फौजदारांनी माझ्याकडं बघितलं.

"तार आली काय?" त्यांनी मला विचारलं. "सुमन, तार आली?"

आजवर कामगारांच्या कितीतरी सभांतून मी मोठ्या आवाजात बोलले आहे. त्या खोलीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. "नाही. तार नाही. बाबा बरे आहेत. ते मी लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खिडकीबाहेर लिंबाची पानं अगदी सावकाश हलत होती. मग त्यांनी फौजदारांच्या हातातलं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि वर इंग्रजीत लिहिलं: वडील गाई विकत आहेत.

"बाबा आजारी न्हाय," त्या म्हणाल्या. "आसं लिवायचं न्हाय."

फौजदार खुर्चीत मागं टेकले. "हे तातडीचं कारण होत नाही, मॅडम."

"साहेब, बोलू का?" हवालदार म्हणाला. "आमच्या थोरल्या भावानं बैलजोडी इकली तवा मी ड्यूटीवर हुतो. मला कळवलं न्हाय. चार वर्सं झाली, मी त्याच्या घरात पाणी प्यालो न्हाय."

"कायद्यात बैल नाहीत, हवालदार."

"न्हाईत, साहेब."

फौजदारांनी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. मग माझ्याकडं वळून जरा तुटकपणे म्हणाले, "तातडीचं कारण पेंडिंग अर्जाला लागतं. पत्ता खरा ठरला तर अर्ज पेंडिंग राहत नाही. परवाना असलेल्या माणसाला, का जाताय, असं मी विचारत नाही. एवढं तुम्हाला माहीत असायला हवं होतं, बाई. खोटं टाइप करण्याआधी नियम वाचायचा."

ते बरोबर बोलत होते. तो नियम माझ्याच टेबलाच्या खणात होता.

दुसऱ्या दिवशी हवालदार आणि गंगाक्का एकाच एसटीनं वाडीला गेले. दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. फौजदारांनी नवा रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला.

"सदर महिला गावात राहते, याबाबत खात्री झाली. सदर महिला सहा घरांत राहते."

"सहा?" मी म्हटलं.

हवालदार कोपऱ्यात उभा होता. "काय करू, बाई? ज्या त्या घरात शिरलो की म्हणत्यात, आमच्यात ऱ्हाती. एकीकडं तिचं ताट दावलं, एकीकडं निजायची वाकळ. तात्या म्हणला, दुपारची माझ्या कट्ट्यावर असती, तेबी लिवा. मी कुणाला खोटं ठरवू?"

फौजदारांनी बराच विचार केला. मग आपल्या हातानं पत्त्याच्या रकान्यात लिहिलं: 'गंगाक्का यांचे घर, व इतर.' शिक्का मारला. परवाना तिथंच झाला, रिटर्नचा शेरा दुसऱ्या दिवशी. विक्रीला पाच दिवस उरले होते.

बाई मुंबईहून विमानानं गेल्या आणि महिन्याभरानं परत आल्या. विमानतळावर शेरा बघून त्यांना कोणी काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, सकाळी धुकं होतं. एकेक गाय फळीवरून चढून गाडीत गेली, धुक्यात शेपटी दिसेनाशी व्हायची, मग पुढची. अठरा गेल्या. एकोणिसावीचं दावं वडिलांनी हातातून सोडलंच नाही. घेणारा थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. मग दोघं तिला घेऊन आत गेले.

माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. पण त्यानंतर प्रत्येक कागद पूर्ण वाचून मगच सही करतात. देसाईसाहेबांनी मला विनापरवानगी फिरतीबद्दल मेमो दिला. तो फाइलला आहे.

आता कुणा तज्ज्ञाचा अर्ज पोलिसांकडं गेला की मी त्याच दिवशी त्याच्या गावाला एक पोस्टकार्ड टाकते. मजकूर ठरलेला आहे. खाकी कपड्यातला एक माणूस चौकशीला येईल. तो वाईट नाही. त्याला खरं सांगा, आणि एकाच घरानं सांगा.