नसलेला पोचा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अक्काला तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून सांगवतंय — आणि तरी लिहिताना बोटांना तोच वास येतोय.

बेगम बाजारात माझं स्टीलच्या भांड्यांचं ठोक दुकान आहे. हमालीपासून वर आलो, कुणाचा हात धरून नाही. खरेदीची माझी एक पद्धत आहे. चांगल्या पातेल्यावरून बोट फिरवायचं, मध्येच थांबायचं आणि म्हणायचं, "मियाँ, इधर पोचा है." पोचा नसतोच. पण समोरचा स्वतः बोट फिरवत राहतो आणि थोड्या वेळानं त्यालाही तो लागतो. मग भाव उतरतो.

दाजी — अक्काचे यजमान — बरकतपुऱ्यात राहतात. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. घरात तीन पिढ्या मास्तर. माझ्या दुकानाच्या पूजेला सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या शेठनी दहावी दोनदा केली, पाया पक्का आहे." लोक हसले. मीही हसलो. ते हसू मी वीस वर्षं पोटात ठेवलं — कशासाठी?

निवृत्तीनंतर त्यांना फुलपाखरांचं वेड लागलं. कॉमन मॉर्मन नावाचं एक काळं फुलपाखरू कढीपत्त्यावर अंडी घालतं. नर सगळे सारखे — काळे, पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेले. माद्या मात्र तऱ्हेतऱ्हेच्या. काही नरासारख्या, तर काहींच्या पंखांवर लाल ठिपके. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून दुसऱ्या एका विषारी फुलपाखराची हुबेहूब नक्कल. एकाच आईच्या पोटी दोन्ही तऱ्हा निघतात, हे पुस्तकात आहेच. दाजींना ते स्वतःच्या गच्चीवर, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं — आणि डोळे अधू होत चालले होते. एका मादीची अंडी त्यांनी जाळीच्या पेटीत ठेवली. मध्येच डोळ्यांच्या तपासणीसाठी चार दिवस चेन्नईला जावं लागलं, तेव्हा पेटी माझ्यावर सोपवली.

मला शिसारी आली. त्या अळ्या आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. मोठ्या झाल्यावर डिवचलं की डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढतात आणि सडक्या लिंबासारखी घाण सुटते. तरी दाजींनी सांगितलं होतं तसं मी मंडईतून आणलेलं प्रत्येक पान धुतलं, उलटंपालटं करून पाहिलं. एकही परकी अळी आत गेली नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे.

फुलपाखरं निघाली त्या सकाळी दाजींनी जुने सहकारी, शेजारीपाजारी, सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. पेटीत नरासारख्या माद्या होत्या आणि लाल ठिपक्यांच्याही. दाजींचा आवाज कापत होता. "एका आईची, बरं का! सगळी एका आईची!" मग माझ्याकडे वळले. "काय शेठ, समजलं का काही?"

प्रेमानं विचारलं असेल. नसेलही. मी जाळीवरून बोट फिरवलं आणि थांबलो.

"दाजी, मंडईच्या कढीपत्त्यावर दोन अळ्या होत्या. तुमच्याच समजून मी आत सोडल्या."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शंकासुद्धा घेतली नाही. अंड्यांपासूनच्या नोंदी ठेवलेल्या वहीच्या पानावर आडवी रेघ मारली आणि पाहुण्यांना म्हणाले, "चहा घ्या." पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची नजर गेली.

ती मादी जीव वाचवायला खोटं रूप घेते. मला कोण खाणार होतं?

दर रविवारी मी अजून जातो. दाजी गच्चीवर कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी खुर्ची टाकून बसतात. परवा त्यांच्या हाताला काहीतरी घासून गेलं.

"शेठ, आली का रे? कुठली आहे?"

ती समोरच बसली होती. कोवळ्या पानावर पोट वाकवून अंडं घालत होती. पंखांवरचे लाल ठिपके उन्हात लखलखत होते.

"काही नाही, दाजी," मी म्हणालो. "वाळकं पान होतं."