बाबांच्या पोटऱ्या आणि डॉक्टरांचा इशारा

मित्रांनो, बाबांना आज डॉक्टरकडे नेलं होतं. निर्मळ गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत थोडं चाललं तरी त्यांच्या पोटऱ्या भरून येतात. वर्षभर आम्ही म्हणत होतो, वय झालं.

डॉक्टरांनी दंडाचं आणि घोट्याचं ब्लडप्रेशर मोजलं. घोट्याचं खूपच कमी निघालं. "काका, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. हृदयाच्याही तशाच झालेल्या असू शकतात, म्हणून अशा पेशंटला हार्ट अटॅकचा धोका जास्त असतो. हृदयाची तपासणी करा आणि विडी आजच सोडा."

बाबा हसले. "पाय दाखवायला आलो, छातीचं काय काढलंत?"

घरी येताच त्यांनी विडी पेटवली. मी हिसकावली, तर दुसरी काढली. तपासणीलाही येणार नाही म्हणतात.

ते आता केळींना पाणी लावतायत. मी दर पाच मिनिटांनी हाक मारतेय, "बाबा, आहात ना?"

अशा माणसाला तुम्ही कसं समजावलंत?