आवृत्ती बंद, आवर्तन चालू

निमगाव केतकीहून रोज एसटीने बारामतीला जायचं आणि एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचे, ही माझी नोकरी. सुटीच्या दिवशी पाण्याच्या हक्काची पत्रकं लिहायची, वाटायची, हे माझं खरं काम. दोन्हीकडे गाठ आमच्या कंपनीने बनवलेल्या एकाच ॲपशी होती. कालव्याच्या पाण्याची पाळी कुणाची, हे त्या ॲपवर कळायचं. पाळी आली की 'होकार' दाबायचा. जो दाबणार नाही त्याची पाळी पुढच्याला. आधी पाणी सोडणारा पाटकरी बांधावर येऊन हाक मारायचा. ॲप आलं आणि ती हाकही गेली.

मार्चमध्ये कंपनीत बैठक झाली. जुन्या अँड्रॉइडवर ॲप चालवणं बंद करायचं, हा विषय. कारणं खोटी नव्हती, हे मी मान्य करते. प्रत्येक बदल त्या फोनांवर वेगळा तपासावा लागायचा, आणि त्यांच्या सुरक्षेची कुणीच हमी देत नव्हतं. कधीतरी सोडावंच लागणार होतं. माझं भांडण फक्त 'कधी' याच्याशी होतं.

"पाऊस लागल्यावर सोडा," मी म्हणाले. "तेव्हा पाटाचं पाणी कुणी मागत नाही. आत्ता उन्हाळी आवर्तन तोंडावर आलंय, कालव्याला पाणी सुटेल."

"मॅडम, हे भाषण चौकात करा," साहेब हसले. "जुन्या फोनवर आहेत किती? चिमूटभर."

"चिमूटभर कोण, ते बघितलंत का? पाटातून फुटणाऱ्या चारीच्या शेपटाला जमीन असलेले म्हातारे. पोरानं टाकून दिलेला फोन वापरणारे."

"मग पोरांना सांगा, बापाला नवा घेऊन द्या म्हणावं."

सगळे हसले. एप्रिल ठरला, कारण मार्चला वर्ष संपतं. कंपनीचं वर्ष. पिकाचं नव्हे.

मी पत्रक काढलं. कळंबपर्यंत वाटलं. आमच्या शेजारच्या तात्यांना तर घरी जाऊन सांगितलं, कारण त्यांचा विड्याच्या पानांचा मळा त्या पाळीवरच उभा होता आणि विहीर केव्हाच तळाला गेली होती.

"तात्या, तुमच्या फोनवरचं ॲप बंद पडणार आहे. फोन बदला."

"बदलतो की. पोरगा पुण्यास्नं आला की आणतोय म्हणला."

पोरगा यायच्या आधीच एप्रिल आला. तात्यांच्या फोनवर ठळक अक्षरांत ओळ उमटली: 'ही आवृत्ती बंद झाली आहे.' कंपनीत कुणीतरी इंग्रजीचं मराठी करून टाकलं होतं. ज्या गावात उन्हाळाभर 'आवर्तन कधी' याशिवाय दुसरं बोलणं नसतं, तिथं ती ओळ कशी वाचली जाईल, हा विचार कुणाच्या डोक्यात शिरला नाही. तात्यांनी वाचलं, आवर्तन बंद. वाट बघत घरी बसले.

पाट वाहताना दिसला तेव्हा ते धावत चारीवर गेले. पाटकरी म्हणाला, "तात्या, तुमचा होकारच न्हाय आला. पाळी फुडं गेली."

"आवं, बंद हाय म्हणून फोनच सांगतोय की!"

"फोनला इचारा मग."

संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर गेले, तर त्यांनी माझ्यापुढं फोन धरला.

"तू म्हणालीस ॲप बंद पडंल. ह्ये तर उघडतंय. उघडून सांगतंय, आवर्तन बंद हाय. मग मी कुणाचं खरं धरायचं?"

मी दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभी राहिले. पाळी परत देता येते का विचारलं. ते पाटबंधारे खात्याचं काम, म्हणाले. मग पडद्यावरचा आकडा दाखवला: "हे बघा, जुन्या फोनवरून एकही तक्रार नाही. निर्णय बरोबरच होता."

आमचा नंबर त्या ॲपच्या आतच होता, आणि तक्रार करायचं बटणही. ते दाबणार कसं, हे मी ओरडून विचारलं. त्यांनी मला आवाज खाली ठेवायला सांगितलं.

पुढची पाळी येईपर्यंत मळा राहिला नाही. पानं आधी पिवळी पडली, मग वेल आधाराच्या शेवरीवरच वाळले. पानमळ्यात कुणी चप्पल घालून शिरत नाही. आमच्याकडे ते देवघरासारखं पाळतात. मी बांधाजवळ चपला काढल्या आणि आत गेले. तात्या पायात चप्पल घालूनच मधोमध उभे होते, वेल ओरबाडून खाली टाकत होते.

"घाल चप्पल," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "काटं हायती नुसतं."