डबे न सांभाळणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाई, म्हणजे मुलीच्या सासूबाई, शिलाईचं दुकान चालवतात. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्री आणि मधे विहीणबाई, इस्त्रीपेक्षा जास्त तापलेल्या. डाव्या मनगटावर लोहचुंबकाचा पट्टा आणि त्याला साळिंदराच्या काट्यांसारख्या चिकटलेल्या टाचण्या. लग्नाच्या बोलण्यांत मी देण्याघेण्याकडे लक्षच दिलं नाही, सगळा वेळ त्या मनगटाकडे बघत होतो.

त्यांचा राग कमावलेला आहे बरं का. भावाला शाळेत घातलं तेव्हा यांना मशीनवर बसवलं. लग्न झालं तर नवरा, बिचारा आता नाही, कायम पुढे चालायचा आणि वळून न बघता म्हणायचा, "ये गं मागून." साठी उलटल्यावर विहीणबाईंनी गिर्यारोहण क्लबात नाव घातलं. तिथले प्रमुख, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात, पहिल्याच दिवशी म्हणाले, "मावशी, तुम्ही आपलं झाडाखाली बसून डबे सांभाळा."

झालं! त्या रात्रीपासून शिवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो पसरलाच.

दर पानगळीत हा क्लब डोंगरात दिशा ओळखण्याचा सराव घेतो आणि शेवटी परीक्षा. जो परीक्षेत उतरेल त्याच्या हाती नव्या लोकांची तुकडी. विहीणबाईंना ती तुकडी हवी होती. एकदा तरी पुढे चालायचं होतं, एवढंच. मला मुलीने बरोबर धाडलं. म्हणाली, "बाबा, त्या कुणाशी भांडल्या तर मधे पडायला कुणीतरी हवं." आमच्या गावच्या शाळेत नकाशा एकच होता आणि त्याची वरची बाजू उंदरांनी खाल्लेली, तेव्हा उत्तर दिशेशी माझी ओळख बेताचीच. डबे साहजिकच माझ्याकडे आले.

परीक्षेच्या सकाळी दुकानात शाळेचे गणवेश शिवायची घाई होती. विहीणबाई दुकानातूनच, मशीनवरून उठून, अंगात जाकीट चढवून धावत आल्या. डोंगरावर धुकं असं की पुढच्या माणसाची पाठसुद्धा दिसेना. ओढ्याच्या वळणापासून निघून डोंगरातलं दगडी खोपटं गाठायचं होतं. विहीणबाईंनी होकायंत्र डाव्या तळहातावर धरलं, काटा बघितला आणि तरातरा निघाल्या. कप्तान, क्लबातले बाकीचे आणि मी मागे.

खोपटं काही येईना. आली ती चिखलाची दलदल आणि काटेरी झुडपं. एकाचा बूट चिखलाने गिळला.

कप्तान हसले. "मावशी, खोपटं उजवीकडे राहिलं."

"तुमचं यंत्र बिघडलंय!"

कप्तानांनी ते हातात घेतलं. काटा गुमान उत्तरेला. परत विहीणबाईंच्या तळहातावर ठेवलं, तर काटा गर्रकन भलतीकडे.

"बघा!" विहीणबाई कडाडल्या. "बाई दिसली की फिरतो! यंत्रालासुद्धा शिकवून ठेवलंय का तुम्ही, हिला डबेच सांभाळू दे म्हणून? तिकडे गणवेश टाकून आलेय मी, चेष्टा करून घ्यायला नाही!"

"विहीणबाई, जरा..." मी मधे पडलो.

"व्याही, तुम्ही गप्प बसा. चिखलात उभे आहात, तेवढं पुरे."

काट्यांनी त्यांच्या जाकिटाचा खिसा फाडला होता. बोलता बोलताच त्यांनी सवयीने डावी बाही वर सरकवली आणि मनगटावरची टाचणी उपसली, खिशाला लावायला. टाचणी बोटांत तशीच राहिली. एकदा लोहचुंबकाच्या पट्ट्याकडे बघितलं, एकदा होकायंत्राकडे. त्या बाईला गप्प झालेलं मी आयुष्यात प्रथमच बघत होतो, आणि खरं सांगतो, भीती वाटली.

कप्तानांच्याही लक्षात आलं. मवाळ आवाजात म्हणाले, "असू दे मावशी. घाईत होतं असं. या वयात एवढं चाललात हेच खूप. देतो पास करून."

"कशाबद्दल?" विहीणबाईंचा चेहरा लालबुंद. "माणसं दलदलीत घातली त्याबद्दल? इतर कुणी घातली असती तर पास केलं असतं? नाही ना? मग नापास करा मला. सरळ तोंडावर सांगा, नापास! पुढच्या रविवारी परत घ्या. आणि कान उघडे ठेवून ऐका, डबे मी तेव्हाही सांभाळणार नाही."

पट्टा ओरबाडून काढला आणि माझ्या हातात कोंबला. "हे धरा आणि लांब राहा माझ्यापासून."

मग त्यांनी होकायंत्र पुन्हा तळहातावर घेतलं. स्वतःला शिव्या घालत, धुक्याला शिव्या घालत त्या निघाल्या आणि आम्हाला थेट खोपट्याच्या दारात नेऊन उभं केलं. वाटेत मी जरा जवळ गेलो की न वळता ओरडायच्या, "व्याही, मागे! अजून मागे!"

कप्तान घटकाभर माझ्या बरोबरीने चालले. मग हळूच माझ्या खांद्यावरची डब्यांची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"काय म्हणता, होतील का विहीणबाई पास पुढच्या रविवारी?" मी विचारलं.

"तुम्ही तो पट्टा घरी ठेवून या," ते म्हणाले.