पुलाच्या तोंडाशी उभे भेकर

विषमज्वरातून मी उठलो खरा, पण माझे कान त्या तापातच राहिले. कल्याणच्या एका शाळेत शिकवत होतो. मुले काय विचारतात तेच कळेना, तेव्हा रजा घेतली आणि हवापालट म्हणून पत्नीसह आंबिवलीला खोली घेऊन राहिलो. कानाशी तोंड आणून कोणी ओरडले, तर विहिरीच्या तळातून यावे तसे चार शब्द पोचत. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नव्हते. त्याहून मोठे दुःख निराळेच होते. लहानपणापासून माझी सारी भक्ती कानांनी केलेली. टाळ, भजन, आईच्या तोंडची भूपाळी. आता देवळात गेलो की माणसांची नुसती तोंडे हललेली दिसत. देवाने आपल्याशी बोलणे टाकले, असे मला वाटू लागले, आणि रागाने मीही त्याचे नाव घेणे सोडले.

कार्तिक लागला. पहाटे पत्नी गावातल्या मारुतीच्या देवळात काकड्याला जाई. मला घरात बसवत नसे. तालमीत जात होतो त्या दिवसांत धावायची सवय होती, म्हणून उजाडता उजाडता मी काळू नदीकडे धावत सुटे. धावायला कान लागत नाहीत, एवढेच त्यातले सुख. काठाने धुके पसरलेले असे आणि त्यात प्राणी मला स्वप्नातल्यासारखे भेटत. बांधावरचा कोल्हा मान वर करून कुई घाली. त्याचा गळा थरथरताना दिसे, बाकी सारे शांत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत चोच उघडमीट करी. एकदा मुंगसाची मादी पिल्लांची रांग घेऊन वाटेत आली, तेव्हा ती सगळी पलीकडे जाईपर्यंत मी थांबून राहिलो. माणसांत असताना जो एकटेपणा वाटे, तो तिथे वाटत नसे.

एके सकाळी दव इतके पडले होते की पायवाटेवरचे गवत चिंब झाले होते. म्हणून मी रेल्वेच्या भरावावर चढलो आणि रुळांमधून पुलाच्या दिशेने धावू लागलो. पहाटेची गाडी गेली की बराच वेळ रूळ मोकळे असतात, अशी माझी समजूत होती. धुक्यात पूल नीट दिसतही नव्हता. आणि पुलाच्या तोंडाशी, दोन रुळांच्या मधोमध, एक भेकर उभे होते.

शेळीएवढे तांबूस हरीण. ते पळाले नाही, आणि मला पुढे जाववेना. किती वेळ आम्ही एकमेकांकडे पाहत होतो कोण जाणे. त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. रागाने गच्च आवळलेले माझ्या आतले काहीतरी हळूहळू सैल होत होते. एकाएकी त्याचे कान वळले. डोळे माझ्यावर आणि कान माझ्या पाठीमागे, दूर कुठेतरी. मग त्याने भरावावरून खाली उडी घेतली. मीही त्याच्या मागे उतरलो. भीतीने नव्हे, ते डोळ्यांआड होऊ नये, एवढेच वाटले.

निम्म्या उतारावर असताना जमीन हादरली. पाठीवर गरम वाऱ्याचा लोट आला आणि मी गवतात कोसळलो. वर पाहिले, तर मालगाडी चालली होती. एका डब्यामागून दुसरा डबा, आवाजाविना, धुक्यातून येऊन धुक्यात जाणारा.

पुलाखाली जाळे लावून बसलेला एक म्हातारा कोळी धावत आला. त्याचे तोंड हलताना पाहून मी कानांकडे बोट दाखवले. मग माझ्या कानाशी येऊन ओरडला, "आरं, मी कवाधरनं हाका मारतंय! इंजिनानं शिट्टी दिली. ऐकू नाय येत, मंग उतरलास कसा रं?"

"भेकर होतं," मी म्हणालो.

त्याने गवताकडे पाहिले. तिथे काही नव्हते. "देवीआईनंच उतरवला तुला," असे म्हणून त्याने माझे मनगट धरले, ते घर येईपर्यंत सोडले नाही. खुरांचे ठसे शोधावेत, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि नंतरही नाही.

पत्नी नुकतीच देवळातून परतली होती. म्हाताऱ्याचे बोलणे ऐकता ऐकता ती उंबऱ्यावरच बसली. तो गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "रोज मी तुमचे कान मागायची. आज मागितलेच नाहीत. म्हटलं, तुझाच माणूस आहे, तूच बघ." आणि रडू लागली. तिच्या गालावरचे पाणी माझ्या कानाला लागले.

कान परत आले नाहीत. पुढे शाळेने मला पुस्तकांच्या खोलीत काम दिले, त्यावर आमचे भागले. मी धावणे सोडले नाही, फक्त रुळांवर पुन्हा चढलो नाही. भेकर परत दिसले नाही. ते दिसावे, असे मागणेही मी घातले नाही. देव माझ्याशी बोलत नाही, ही माझी तक्रार होती. मला ऐकू येत नव्हते तेव्हा माझ्यासाठी कोणीतरी ऐकत होते, हे कळल्यावर तक्रार कशाची करायची? त्या दिवसापासून पहाटे निघताना मी हात जोडतो आणि काहीच मागत नाही. धुक्यात चार पावलांपलीकडचे दिसत नाही. तेवढी चार पावले मी टाकतो, पुढचे त्याच्याकडे.